सांध्यातली माती

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडली न्हाई. बायको होती तवा तिला सांगितली न्हाई. मठात अय्यांच्या, आमच्या स्वामींच्या, पायावर डोकं ठेवलं, तवा मनातल्या मनात सुदिक म्हणलो न्हाई. आता तुम्हाला सांगायलोय. कामून, ते मलाच नीट कळंना. तुम्ही मला वळखत न्हाई, एवढंच एक बरं हाय.

मी गवंडी. पन्नास वर्षं दुसरं काही केलं न्हाई. शाळा चौथीपर्यंत, ती मराठी. घरात कन्नड, बाजारात दोन्ही, आणि ज्या म्हाताऱ्या उस्तादांनी मला काम शिकवलं त्यांच्या शिव्या उर्दू. हात थापीला बसलेला हाय, पेनाला न्हाई. पण अजून गावात कोणी घर काढलं की म्हणतात, आधी अप्पाला दाखवा. मी दगडावर बोटाच्या पेरानं ठोकतो आणि सांगतो, हा चालंल, हा न्हाई. चुकत न्हाई. त्याचा मला गर्व होता — होता कशाला म्हणू, अजून हाय. खोटं कामून लिहू?

आधी दगडाचं सांगावं लागंल, न्हाई तर पुढचं कळणार न्हाई.

आमचं गाव कलबुर्गी जिल्ह्याच्या कडंला. माळावर उभं राहिलं की पलीकडं महाराष्ट्र दिसतोय. दिसतोय म्हणजे तसलाच माळ, तसलीच तूर. तुमच्याकडं शहाबादी फरशी लोकांच्या पायाखाली असती. सैपाकघरात घालतात, ओट्याला लावतात. आमच्याकडं ती गरिबाच्या डोक्यावर असती. खाण जवळ, म्हणून तुटकी फरशी मातीच्या मोलानं मिळती. ज्याच्याकडं विटा घ्यायला पैसा न्हाई तो काय करतोय? चर खांदतो, त्यात फरश्या उभ्या रोवतो, त्या झाल्या भिंती. वर बाभळीचे वासे आणि त्यावर आडव्या फरश्या, ते झालं छत. मधे चुना न्हाई, सिमेंट न्हाई. दगड दगडाला नुसता टेकलेला असतो. उन्हाळ्यात आत बसलं तर तव्यावरच्या भाकरीसारखं. पावसाळ्यात प्रत्येक सांध्यातून धार. बाहेरच्या माणसाला मात्र काय दिसतं? दगडाचं घर. म्हैसूरकडच्या माणसाला सांगा की दगडी घरात राहतो — तो म्हणंल, पाटील असंल.

असल्या घरात सुसलाबाई राहत होती. तिचा नवरा फरशीच्या लॉऱ्या रिकाम्या करायचा. मजुरीबरोबर तुटक्या फरश्या घेऊन यायचा, रोज एखादी. घर उभं झालं आणि दोन वर्षांत काविळीनं गेला. मागं ही आणि एक लेक, रेणुका. सुसलाबाई लोकांच्या रानात जायची — खुरपायला, तूर कापायला. माझ्याकडंबी यायची आधी, माल कालवायला, पाट्या उचलायला. कामाला अशी की दोन गड्यांना मागं टाकील. बोलायला कमी.

एका वर्षी तूर निघायच्या दिवसांत मी तिला निरोप दिला, एका घराचं काम हाय, ये. ती आली न्हाई. शेजारच्या गावात तुरीला गेली. मी दुसरा निरोप दिला. तरी न्हाई. आणि मग मी हॉटेलात बसून जे बोललो ते मला अजून शब्दाला शब्द आठवतंय. म्हणलो, रेशनचा तांदूळ फुकट झाला, आता ह्या बाया कशाला पाटी उचलतील? सरकारनं माणसं नासवली.

सगळ्यांनी माना हलवल्या. ते बोलणं आमच्याकडं चहाबरोबर येतंच. गरीब आळशी झालेत. तांदूळ घेतात आणि विकतात. अलीकडं तर, बाया फुकटच्या बसनं बीदरला फिरायला जातात. घरबी आता सरकारच बांधून देतंय, चावी हातात देतंय. मी त्यात सगळ्यात मोठ्यानं बोलणारा. माझ्या आवाजाला वजन हाय, मी कष्टाचा माणूस, मी कुणापुढं हात पसरला न्हाई — असं सगळे समजायचे आणि मीबी.

आता ऐका, मला त्या वेळी काय काय ठाऊक होतं.

ती आली न्हाई, कारण मी मजुरी कमी देत होतो. तुरीचे दिवस होते, रानात जास्ती मिळत होती. कोण येईल? तुम्ही याल? मी सुदिक गेलो नसतो. तांदळाचा त्यात काही संबंध न्हाई, हे मला ठाऊक होतं. ती रेशनच्या तांदळातला थोडा देऊन बदल्यात ज्वारी घ्यायची, हेबी खरं. आमचं पोट ज्वारीचं. भाकर खाऊन काम करणाऱ्याला भातावर दुपार निघत न्हाई. हे मला कुणी सांगायला पाहिजे होतं का? आणि सरकारी घराचं म्हणाल, तर आमच्या गावातली निम्मी सरकारी घरं माझ्याच हातची. कुणाला कुणी चावी दिली न्हाई. आधी पाया स्वतःच्या पैशानं घालायचा, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायचा, मग पहिला हप्ता. मग भिंती, परत फोटो. कानातलं मोडून पाया घातलेल्या बाया मी बघितल्यात. त्यांच्या घराच्या पायात मीच दगड बसवलेत. आणि संध्याकाळी हॉटेलात येऊन मीच म्हणायचो — फुकट घर.

माझ्या तीन एकरातल्या बोअरच्या मोटारीला वीज फुकट हाय. तिला मी कधी फुकट म्हणलो न्हाई. तो शेतकऱ्याचा हक्क. गंमत बघा.

आता त्या दिवसाचं सांगतो. लांबवायलोय, मला कळतंय.

सहा-सात वर्षांमागं, त्याच तुरीच्या दिवसांत, घरांची पाहणी आली. कुणाचं घर कच्चं, कुणाचं पक्कं, ते फोनात भरून न्यायला एक साहेब आले होते. म्हैसूरकडचे. पंचायतीतल्या माणसानं त्यांना सांगितलं, गवंडी अप्पाला बरोबर घ्या, त्यांना गावातली घरं आतून-बाहेरून ठाऊक हायत. मला बरं वाटलं. धुतलेलं धोतर नेसून गेलो. साहेब घरापुढं उभे राहायचे, फोटो काढायचे, माझ्याकडं बघायचे. मी सांगायचो, कच्चं. मी सांगायचो, पक्कं. ते दाबायचे. तोवर सगळं खरं सांगितलं मी, एकबी खोटं न्हाई.

सुसलाबाईच्या दाराला कडी होती. ती तुरीला गेलेली, लेक शाळेत. शेजारीबी रानात. साहेब आणि मी, दोघंच.

साहेब भिंतीकडं बघत राहिले. मला ते बघणं कळलं, कारण पहिल्यांदा मीबी तसंच बघितलं होतं. भिंत तुटक्या फरश्यांची, एक फरशी दुसरीसारखी न्हाई — आणि तरी त्या भिंतीकडं बघून वाटायचं की हे कुणीतरी आखून केलंय. सगळे सांधे भरलेले. गढीची पांढरी माती, शेण, भुसकट, वरून चुन्याचा हात. प्रत्येक सांध्याची कड अशी ओढलेली, की सुरीनं कापल्यासारखी. साहेबांनी फोनातला प्रश्न वाचून इचारला. दगड नुसता रचलेला हाय, का सिमेंटनं बांधलेला?

मी पुढं गेलो. सांध्यात नख घातलं. माती निघाली, नखात बसली. मी मागं फिरलो आणि म्हणलो, "सिमेंट हाय साहेब. पक्कं घर."

बास, एवढंच. नखात माती होती आणि तोंडात सिमेंट. साहेबांनी दाबलं. पक्कं म्हणलं की पुढं काही इचारायचंच न्हवतं. तिची कमाई किती, माणसं किती, काही न्हाई. ते घर फोनात तिथंच मिटलं. आम्ही पुढच्या दारापुढं गेलो, तिथं मी परत खरं सांगितलं.

वर्षभरानं यादी लागली. सुसलाबाईचं नाव न्हवतं. ती पंचायतीत इचारायला गेली तर त्यांनी सांगितलं, तुझं घर सिमेंटचं हाय, तुमच्या गवंड्यानंच दाखवलंय. मग ग्रामसभा झाली शाळेच्या पटांगणात. बाया मागं बसतात, पडवीत. ती उठली. आमच्याकडं बाई सभेत उठती म्हणजे लहान गोष्ट न्हाई. म्हणाली, माझ्या भिंतीत सिमेंट न्हाई, माती हाय, अप्पा बसलेत समोर, त्यास्नी इचारा.

सगळी सभा माझ्याकडं वळली. पंचायतीच्या साहेबांनी इचारलं, काय अप्पा?

काय म्हणणार होतो मी? माती म्हणलो असतो तर आधी सिमेंट कामून सांगितलंस, असं इचारलं असतं. म्हणजे एकतर मी खोटारडा, न्हाई तर मला माती आणि सिमेंट कळंना. पन्नास वर्षांचं नाव एका सभेत जाणार. तिचं काय जाणार होतं? छप्पर. मी तोलून बघितलं बरं का. बसल्या जागी तोललं. आणि म्हणलो, "पाहणीच्या साहेबांनी जे लिहून घेतलंय, ते बघूनच लिहिलं असंल."

तिनं पदर डोक्यावर ओढला. मग बसली.

ह्याच्यानंतरचं मला सांगायचंय. खरं तर ह्याच्यासाठीच लिहायला बसलो.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसात एका दुपारी सुसलाबाई माझ्या दारात आली. डोक्यावर पोतं, पायाला चिखल. म्हणाली, छताची एक फरशी मधोमध तडकलीय, खाली घ्यायला पाहिजे, पण ती काढताना बाकीच्या सुटायच्या. हे काम तुमच्याबिगर कुणाला जमायचं न्हाई. माझ्याकडं आली ती. दुसरं कुणी न्हवतं का गावात? होते. तिला चांगला गवंडी पाहिजे होता.

मी पहार घेतली आणि गेलो. त्या घरात मी तोवर कधी पाय ठेवला न्हवता. बाहेरूनच बघितलं होतं सगळं — तुमच्या लक्षात येतंय ना? आतून-बाहेरून ठाऊक असलेला माणूस मी.

वाकून आत गेलो आणि सरळ उभा राहिलो. मग वर बघितलं.

छत मोडलेलं होतं. एक फरशी न्हवे, सगळंच. बारा फरश्या मी मोजल्या, त्यातल्या आठ कुठं ना कुठं तडकलेल्या. वासे वाळवीनं खाल्लेले. माझ्या हिशेबानं ते छत दोन वर्षं आधीच खाली यायला पाहिजे होतं. गवंड्याच्या नजरेनं सांगतो, ते उभं राहायला काही कारणच न्हवतं. आणि ते उभं होतं. कारण खाली मेढी होत्या — वर दुबेळकं, म्हणजे बेचकं, असलेले बाभळीचे खांब. किती? मी मोजत गेलो आणि मधेच सोडून दिलं. मनगटाएवढे, पायाएवढे, काही वाकडे, काही दोन तुकडे बांधून लांब केलेले. प्रत्येक तडकलेल्या फरशीच्या बरोबर त्या जागी टेकू, जिथं मी दिला असता. न्हाई — जिथं मला सुचायला अर्धा दिवस लागला असता. प्रत्येक मेढीच्या डोक्यावर पाचर. आणि त्या पाचरी घासून घासून गुळगुळीत झालेल्या, जात्याच्या खुंट्यासारख्या.

मी इचारलं, ह्या एवढ्या गुळगुळीत कशानं? ती म्हणाली, रोज हात लागतोय.

मग तिनं सांगितलं. ओल्या दिवसांत लाकूड फुगतंय, तवा पाचर थोडी ढिली करायची, न्हाई तर फरशीला खालून ढकलती आणि फोडती. उन्हाळ्यात लाकूड आकसतंय, तवा आत ठोकायची. म्हणून रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती हातात गोटा घेऊन सगळ्या मेढींवरून फिरायची. ठोकायची आणि ऐकायची. आवाज बद्द आला तर ढिली हाय. टण आला तर जास्ती ताणलीय. मधला एक आवाज हाय, तो आला की पुढं.

मला उस्तादांनी तो आवाज शिकवायला चार वर्षं घेतली होती. मारून शिकवला होता. हिला कुणी शिकवला?

तिनं ठोकून दाखवलं. मीबी ठोकलं. मी म्हणलो ही ढिली हाय. ती म्हणाली न्हाई अप्पा, दुपारी असंच वाजतंय, ढगातूनबी ऊन दगडाला लागतंय, सकाळचा आवाज खरा. मी परत ठोकलं. ती बरोबर होती. माझ्या सगळ्या आयुष्यात मी दगडाला दिवसातल्या कुठल्या वेळी वाजवतोय, ह्याचा इचार केला न्हवता.

आणि पाणी. प्रत्येक सांध्याखाली तिनं पन्हळ बांधली होती. कुणाच्या रानातले टाकलेले ठिबकचे पाईप उभे चिरून, त्यांची पन्हळ, तारेनं वाशाला टांगलेली. एक दुसरीत पडते, दुसरी तिसरीत, आणि शेवटची भिंतीतल्या भोकातून बाहेर घागरीत. बाहेर पाऊस चालू होता. आत चारी बाजूंनी पाणी वाहत होतं, डोक्यावरून, खळखळ आवाज येत होता — आणि जमीन कोरडी. सारवलेली. मी हात लावून बघितलं. एका कोपऱ्यात तर वर पन्हळच न्हवती. सगळा उतार तिनं त्या कोपऱ्यापासून लांब वळवला होता. तिथं एक फळी, फळीवर रेणुकाची पुस्तकं आणि खाली तिची पथारी. पुस्तकांना एक डाग न्हाई.

मी देवळं बघितलीत. कलबुर्गीचा किल्ला बघितला, बीदरचा बघितला, तिथल्या भिंतीला हात लावून उभा राहिलोय. छाती भरून आली होती तवाबी. पण ती राजांनी बांधली, हजार माणसं लावून. इथं एक बाई, गोटा आणि बाभळीची लाकडं. मला जिथं पडझड दिसायला पाहिजे होती, तिथं मला रोज सकाळी नव्यानं बांधलेलं घर दिसत होतं. मी गवंडी म्हणून सांगतो, मी माझ्या जन्मात एवढं मोठं काम बघितलं न्हाई.

आणि आळशी म्हणलो होतो मी हिला.

फरशी काढायला लागलो. मी पहिल्यांदा हात घातला तो मधल्या मेढीला. तिनं माझ्या मनगटावर तळवा ठेवला, हळूच. म्हणाली, "ती न्हाई अप्पा. आधी दाराकडची. मधलीवर तिघींचा भार हाय." मी ऐकलं. आजवर मला कामात कुणी असं अडवलं असतं तर मी पहार फेकून निघून गेलो असतो. मी दाराकडची काढली. ती सांगत गेली, मी करत गेलो. हातचा मजूर झालो तिचा. तडकलेली फरशी आम्ही दोघांनी मिळून खाली घेतली, दोन तुकड्यांत, आवाज न करता, आणि वरच्या बाकी अकरा जागच्या हलल्या न्हाईत. मोकळ्या जागी तिनं आणून ठेवलेली दुसरी सरकवली.

मग तिनं चहा केला. कप पुढं केला तवा तिचा डावा हात दिसला. दोन बोटं पुढून चेपलेली, नखं न्हाईत. मी इचारलं. ती म्हणाली, मागल्या पावसात पाचर ठोकताना फरशी बसली. मागल्या पावसात. म्हणजे यादी लागल्यानंतरच्या. ते साल मी तिथंच बसून मोजलं.

आणि मग ती जे बोलली, ते ऐकायला मी तयार न्हवतो. मला वाटलं होतं शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. ती पदरानं हात पुसत हसली आणि म्हणाली, "अप्पा, त्या साहेबाला तुम्ही सिमेंट म्हणून सांगितलाव. मला आधी लई वाईट वाटलं. मग वाटलं, पन्नास वर्षांच्या गवंड्याला सुदिक माझी लिपाई सिमेंटवाणी दिसली. घर गेलं जाऊ द्या, पण हे काय कमी हाय का?"

मी कपात बघत होतो.

तिथं सांगायचं होतं. दुसरी कुठली जागा असणार होती? ती, मी आणि चहा. मी म्हणलो, "व्हय. मला सिमेंटच वाटलं."

ती अशी खूश झाली, की मला तिच्याकडं बघवंना.

आता तुम्हाला खालचं सांगतो, सगळ्यात तळाचं. मजुरीचा राग होता म्हणून मी ते बोललो, असं मी स्वतःला कैक वर्षं सांगत आलो. तेवढं सांगायलाबी मला लाज वाटायची, म्हणून वाटायचं की हेच खरं असंल. पण ते न्हवतं. नख घातलं त्या सांध्यात, तवा मला राग आला न्हवता. पोटात दुखलं होतं. माझ्या हातचा एक सांधा तसा सरळ न्हाई. चांगला हाय, पण तसा न्हाई. थापी हातात न धरलेल्या बाईनं बोटानं ओढलेली ती कड — ती मला सोसली न्हाई. मला तिचं हाय ते घर पाडायचं न्हवतं. मला तिला मिळू द्यायचं न्हवतं काही. जिच्याकडं हे हाय, तिला आणखी कामून?

असं असतंय का कुठं? असतंय. माझ्यात होतं.

ती गोष्ट तिनं गावात सांगितली, नळावर. मातीला अप्पा सिमेंट म्हणाले. बाया हसल्या, मग बाप्ये. हॉटेलात मला चिडवायला लागले. अप्पा, चहात साखर हाय का मीठ, चाखून सांगा. कोणी म्हणलं, चष्मा घ्या आता. मी हसत राहिलो. ज्या नावासाठी मी सभेत गप बसलो ते नाव असं चिल्लर होऊन गेलं, आणि मला ते सोपं वाटलं. आंधळा गवंडी म्हणा. खरं कळू नये म्हणून मी त्या हसण्याखाली लपलो. लोकांना वाटलं, म्हातारा किती मोठ्या मनाचा झालाय.

मी हॉटेलात गरिबांबद्दल बोलायचं सोडलं. पण बोलणाऱ्यांना अडवलंबी न्हाई.

मागल्या वर्षी नवी पाहणी झाली. लोकांनी सुसलाबाईला शिकवलं, लिपाई खरवडून टाक, घर जितकं भिकार दिसंल तितकं बरं. तिनं ऐकलं न्हाई. पाहणीला बाई आल्या होत्या ह्या खेपेला. सुसलाबाईनं तांब्यातलं पाणी सांध्यावर ओतलं, तळवा घासला, आणि चिखलानं भरलेला तळवा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी लिहून घेतलं. त्या बाई गल्लीच्या वळणावर पोचल्या न्हवत्या तोवर सुसलाबाई माती भिजवून तो सांधा परत भरायला बसली होती. मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. मला कुणी बोलावलं न्हवतं. माझी गरज न्हवती.

नाव आलं. रेणुका आता कलबुर्गीला नर्सिंगला हाय, तिनं फोनवर यादी बघून आईला सांगितलं. मंजुरीचा कागद आला. हप्ता पाया घातल्यावर, म्हणून सुसलाबाईनं चार महिने रानातून येताना डोक्यावर दगड आणले आणि घराच्या बाजूला रचून ठेवले. गावात चांगले तीन गवंडी हायत, सगळे माझ्यापेक्षा तरणे. लोक तिला म्हणले, त्या अप्पाला नको बाई, त्यांना माती कळंना. ती म्हणाली, पाया अप्पाच धरतील.

मागल्या सोमवारी पाया धरला. गुडघे चालत न्हाईत माझे, तिनं पाट टाकला बसायला. दगड तिनंच उचलून दिले. मी एकेक वाजवून घेतला. सकाळी, ऊन चढायच्या आधी.

पहिला थर बसला तवा आमच्याकडच्या रीतीनं तिनं माझ्या कपाळाला इबूत, मठातली विभूती, लावली, हातात नारळ दिला, आणि घडी न मोडलेला नवा टॉवेल माझ्या खांद्यावर घातला. चेपलेल्या बोटांनी त्याची घडी सारखी केली. वाकून माझ्या पाया पडली. म्हणाली, "अप्पा, तुमच्या हातचं झालं, आता मला भ्या न्हाई."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि टॉवेल खांद्यावर घेऊन घरी आलो.